अकरा वर्षांची उपासना

खोटं बोलायचंच असेल तर बोलावं, पण त्यात आकडा घालू नये. हे शहाणपण हाम ब्योंगहो यांच्याजवळ असायला हरकत नव्हती, कारण छोंगजू शहराच्या पाणीखात्यात त्यांनी तेहतीस वर्षं लोकांच्या मीटरचे आकडेच तपासले होते. पण शहाणपण असणं वेगळं आणि ते वेळेवर आठवणं वेगळं. ते नेहमी घरी परतताना गाडीत आठवतं.

त्या शुक्रवारी, दोन एप्रिलला, त्यांच्या लेकीच्या, यूरिमच्या लग्नाची बोलणी होती. मुलगा इनग्यू गरीब स्वभावाचा, त्याची आई त्याहून गरीब. घरातला सगळा करारीपणा एकट्या बापाकडे गेला होता. हे प्यो एल्डर, म्हणजे त्यांच्या चर्चमधले ज्येष्ठ. उंच, सडसडीत, आणि जेवताना एकेक तीळ वेगळा चावणारे. हॉटेलातल्या बंद खोलीत टेबलावर वीस-पंचवीस वाट्या मांडलेल्या, आणि ब्योंगहो यांचं लक्ष त्यांतल्या भाजलेल्या बांगड्यावर. तेवढ्यात एल्डरांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. आपल्या घरात चाळीस वर्षं रोज कौटुंबिक उपासना होते, एक दिवस खंड नाही, असं सांगून त्यांनी सहज विचारलं, की व्याही, तुमच्याकडे कशी पद्धत आहे?

ब्योंगहो यांच्याकडची पद्धत अशी होती, की रविवारी बायको चर्चला न्यायची आणि हे मागच्या बाकावर बसून खांबाआड डुलकी काढायचे. हे सांगता आलं असतं. पण त्याआधी दहा मिनिटं, "पाणीखात्यात होतात? असं, असं," हे एल्डर जरा जास्तच सावकाश म्हणाले होते, आणि ते त्यांना लागलं होतं.

"आमच्याकडेही असते," ब्योंगहो म्हणाले. "रोज सकाळी सहाला. अकरा वर्षं झाली."

दहा का नाही? तर खात्याचा अनुभव. खोटं रीडिंग लिहिणारा नेहमी शून्यावर आणून सोडतो, म्हणून पकडला जातो. अकरा म्हटलं की माणसाने मोजलंय असं वाटतं. त्यांची बायको ओकसुन चर्चमध्ये गेली वीस वर्षं सेवा करणारी बाई. तिने मान खाली घातली ती शेवटचा भात येईपर्यंत वर केली नाही. प्यो एल्डर मात्र पहिल्यांदाच हसले. म्हणाले, मग लग्नाआधी एकदा तुमच्या उपासनेला आम्ही बसणार. चोवीस तारखेचा शनिवार बरा. आमची पहाटेची प्रार्थना आटोपली की तसेच येतो. जेवण वगैरे काही नको, थोडं सूप पुरे.

गाडी हॉटेलाच्या आवाराबाहेर पडली. मग मागच्या सीटवरून यूरिम बोलली. ही मुलगी रागावली की आवाज चढवत नसे, उतरवत असे.

"बाबा, चोवीस तारखेला उपासना संपायच्या आत तुम्ही त्यांना खरं सांगायचं. नाही सांगितलंत तर मी सांगेन. खोट्यावर पाय देऊन मी त्या घरात जाणार नाही."

ब्योंगहो म्हणाले, अगं, अजून बावीस दिवस आहेत, उद्यापासून सुरू केली तर खोटं कसं राहील? यूरिम म्हणाली, करणार असाल तर मी रोज बसेन. पण बावीस दिवस म्हणजे बावीस दिवस, अकरा वर्षं नव्हेत. ओकसुनने गाडीतला पंखा बंद केला आणि बाहेर बघत बसली, आणि ते सगळ्यात वाईट होतं.

आता एखाद्याला वाटेल, की मग त्याच रात्री फोन करून सांगून टाकायचं. तेही होणार होतं. पण शेजारच्या १२०३ मधल्या मेंगबाईंना ओकसुनने घरी पोचताच सगळं सांगितलं, आणि मेंगबाईंकडे प्रत्येक विषयावर एक भयंकर हकीकत तयार असते. त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, की हे प्यो एल्डर म्हणजे तेच ना, ज्यांनी थोरल्या मुलाचं ठरलेलं लग्न मोडलं? मुलीकडच्यांनी बाप्तिस्म्याची तारीख दोन वर्षं मागे सांगितली होती म्हणे. पत्रिका छापून झाल्या होत्या. फोन करणारा ब्योंगहो यांचा हात जो खाली आला तो तीन आठवडे वर गेला नाही.

तर तीन एप्रिलला सहा वाजता उपासना सुरू झाली, आणि पहिल्याच पावलावर ठेच लागली. वाचायचं कुठून? ओकसुन म्हणाली, पहिल्या पानापासून. ब्योंगहो यांनी तिच्याकडे कीव करून पाहिलं. अकरा वर्षं रोज एक अध्याय वाचणारं घर पहिल्या पानावर कसं असेल? ते कागद-पेन्सिल घेऊन बसले. अकरा वर्षांचे चार हजार पंधरा दिवस, बायबलचे अकराशे एकोणनव्वद अध्याय. म्हणजे तीन पारायणं पूर्ण होऊन चौथं चालू, आणि चोवीस तारखेला घराने असायला हवं ईयोबाच्या पुस्तकातल्या बाराव्या अध्यायावर. तिथून बावीस दिवस मागे मोजत आलं की एस्तेरचा पहिला अध्याय. यूरिम ओले केस पुसत पुसत हे ऐकत होती. "देवाच्या पुस्तकाचं तुम्ही मीटर केलंत बाबा," ती म्हणाली, आणि एस्तेर उघडून वाचायला लागली.

गीत पहिले तीन दिवस त्यांनी पुटपुटतच म्हटलं. कारण सांगायला संकोच वाटतो, पण ब्योंगहो यांना लाज वाटत होती. तेहतीस वर्षं पंपांच्या घरघराटात ओरडून बोललेला माणूस आपल्याच हॉलमध्ये ओठांतल्या ओठांत गात होता. तिसऱ्या दिवशी मेंगबाईंनी दारात गाठून बजावलं, की एल्डरसमोर असं पुटपुटलात तर त्यांना लगेच कळेल, गाणाऱ्या घराच्या भिंतीसुद्धा गातात. म्हणून सहा तारखेपासून ब्योंगहो मोकळ्या गळ्याने गाऊ लागले. सूर त्यांच्या खानदानात कोणालाच नव्हता, पण फुफ्फुसं होती.

पुढचा सल्लाही मेंगबाईंचाच. ब्योंगहोंचं बायबल त्यांना पाळकांनी निवृत्तीच्या वेळी दिलेलं, अजून कोरं करकरीत, पानं एकमेकांना चिकटलेली. अकरा वर्षं वापरलेलं बायबल असं असतं होय? ओकसुनचं घ्या म्हटलं तर त्यात पानोपानी तिच्या हाताच्या खुणा, आणि नवऱ्याला ते देणार नाही असं तिने एका शब्दात सांगितलं. मग ब्योंगहो यांनी आपलं पुस्तक जुनं करायला घेतलं. सूर्यप्रकाश फार हळू काम करतो असं दिसल्यावर त्यांनी ते राइस कुकरच्या वाफेच्या तोंडाशी ठेवलं आणि बाहेर फिरायला गेले. परत येईपर्यंत सुरुवातीच्या पानांतलं नियमशास्त्र पावासारखं फुगलं होतं आणि मागच्या पानांतले संदेष्टे एकमेकांना घट्ट चिकटले होते. एस्तेर आणि ईयोब तेवढे कसेबसे उघडत. शिवाय त्याला भाताचा वास यायचा तो यायचाच.

हे एवढ्यावर निभावलं असतं. पण तेरा तारखेला लिफ्टमध्ये नोटीस लागली.

खालच्या ११०४ मध्ये कोंग मास्तरीणबाई राहत. वय एक्याऐंशी, एकट्या, निवृत्त मुख्याध्यापिका. नोटीस त्यांनीच लिहिली होती, निबंध तपासावा तशी ठसठशीत. "सहा एप्रिलपासून रोज सकाळी ठीक सहा वाजता १२०४ मधून मोठ्याने गाण्याचा आवाज येतो. मी या घरात चौदा वर्षं राहते. पाच एप्रिलपर्यंत असा आवाज एकदाही आलेला नाही. संबंधितांनी विचार करावा." खाली सोसायटीच्या ऑफिसचा लाल शिक्का, मुदत तीस एप्रिलपर्यंत.

ब्योंगहो यांनी ती नोटीस पहिल्या मजल्यापासून बाराव्यापर्यंत वाचली, आणि पुन्हा खाली जाऊन वर येताना वाचली. "एकदाही आलेला नाही." कोर्टात साक्षीदारसुद्धा इतकं नेमकं बोलत नाही. चोवीस तारखेला प्यो एल्डर याच लिफ्टमधून वर येणार होते.

फाडून टाकावी तर शिक्क्याची नोटीस. ते सोसायटीच्या ऑफिसात गेले. मॅनेजर यांग हा अतिशय नम्र माणूस, आणि नम्र माणसाशी भांडता येत नाही. त्याने चहा दिला, फाइल काढली आणि नियम दाखवला, की शिक्का असलेली नोटीस मुदतीआधी काढल्यास दंड, आणि लिफ्टमधल्या कॅमेऱ्याचं चित्र पोलिसांकडे. ब्योंगहो म्हणाले, हा कसला हुकूमशाही नियम, कोणी केला? यांगने नम्रपणे पान उलटलं. दोन वर्षांपूर्वी रहिवासी समितीच्या बैठकीत हा ठराव मांडणाऱ्याची सही होती हाम ब्योंगहो यांची. त्यांनी लावलेली टाकी धुण्याची नोटीस कोणीतरी फाडली होती, तेव्हा संतापून त्यांनीच तो मांडला होता, आणि वर भाषणही ठोकलं होतं. यांगला ते भाषण अजून आठवत होतं. तक्रारदाराने स्वतः अर्ज मागे घेतला तर मात्र दोन्ही प्रती उतरवता येतील, असं तो म्हणाला. "दोन्ही" हा शब्द ब्योंगहो यांच्या कानावर पडला, पण डोक्यात शिरला नाही.

पिवळ्या खरबुजांची पेटी घेऊन ते मास्तरीणबाईंच्या दारात उभे राहिले. बाईंनी पेटीकडे पाहिलं नाही, यांच्याकडे पाहिलं. ब्योंगहो यांनी अर्धा तास तयार केलेलं बोलून दाखवलं, की माफ करा, आवाज होतो खरा, पण फक्त चोवीस तारखेपर्यंतच आहे, मग बंद.

"चोवीसपर्यंतच?" बाईंनी विचारलं. "म्हणजे त्यानंतर देव गावाला जाणार आहे?"

ब्योंगहो यांचे कान तापले. निवृत्त अधिकाऱ्याला कोणी वर्गात उभं केल्यासारखं बोलावं, हे त्यांना सोसेना. ते ताडकन म्हणून गेले, की बंद कशाला, आम्ही जन्मभर करणार आहोत. बाई म्हणाल्या, मग नोटीसही राहू दे. आणि दार लावून घेतलं. खरबुजाची पेटी बाहेरच राहिली. ती उचलून बाराव्या मजल्यावर घरी नेताना त्यांना लिफ्टमध्ये ती नोटीस पुन्हा वाचावी लागली.

आता ह्या सगळ्या धावपळीत एक गोष्ट घडत होती ती सांगायला हवी, कारण ब्योंगहो स्वतः ती कोणाला सांगणार नाहीत. पंधराव्या-सोळाव्या दिवसापासून ते पावणेसहालाच उठून बसू लागले. यूरिम नोकरीला लागल्यापासून बाप-लेकीचं बोलणं म्हणजे "जेवलीस का" आणि "हो." आता ती ओले केस घेऊन समोर मांडी घालायची, ईयोबाचं गाऱ्हाणं वाचायची, मध्येच थांबून म्हणायची, बाबा, ह्याचं सांत्वन करायला आलेले मित्र अगदी मेंगबाईंसारखे आहेत. ओकसुन हसायची. एकदा तर तिघांचा वाद इतका रंगला की यूरिमची बस चुकली. त्या दिवशी आंघोळ करताना ब्योंगहो यांना रडू आलं. मे महिन्याच्या बावीस तारखेला ही जाणार, आणि आपल्याला ती सापडली ती एका थापेमुळे. खरंच अकरा वर्षांपूर्वी सुरू केलं असतं, तर तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. थाप मारताना जिभेवर आलेला आकडा आता त्यांना खरा हवा होता.

तेवीस तारखेला रात्री जेवताना यूरिमने एवढंच विचारलं, की उद्या तुम्ही की मी? ते म्हणाले, बघू. तिने ताट उचललं आणि निघून गेली.

चोवीस तारीख. पावणेसहाला ब्योंगहो खाली गेले. बघतात तो प्यो एल्डर आणि विहीणबाई आधीच आत येऊन टपालपेट्यांपाशी उभे, इनग्यू गाडी लावून धावत येतोय. लिफ्टचं दार उघडलं तसे ब्योंगहो पाहुण्यांच्या आधी आत घुसले. वडीलधाऱ्यांच्या पुढे घुसणं म्हणजे केवढी असभ्यता, पण त्यांनी नोटिशीला पाठ लावली आणि तिथेच चिकटले. बारा मजले. विहीणबाईंनी काळजीने विचारलं, पाठ धरलीय का? हो म्हणाले. एल्डर मजल्यांचे आकडे बघत राहिले. सातव्या मजल्यावर लिफ्ट उगाचच थांबली. दार उघडलं, बाहेर कोणी नव्हतं, दार मिटलं. ब्योंगहो यांच्या शर्टातून घाम नोटिशीत उतरला असावा, कारण बाहेर पडताना कागद पाठीला चिकटून जरा ओढला गेला.

घरात गॅसवर मुळ्याच्या पाल्याचं सूप मंद आचेवर ठेवलेलं. सगळे गोल करून जमिनीवर बसले. गीत झालं. एल्डरांचा आवाज खणखणीत, त्यात ब्योंगहो यांचा बेसूर बुडून गेला. यूरिमने ईयोबाचा बारावा अध्याय वाचला. फुगलेल्या पुस्तकाकडे एल्डरांनी एकदा पाहिलं आणि नाक किंचित आक्रसलं. भाताचा वास. मग घरच्या कर्त्याने प्रार्थना करायची वेळ आली. सगळ्यांनी डोळे मिटले.

ब्योंगहो यांनी हळूच एक डोळा उघडला, कारण प्रार्थना कागदावर लिहिलेली होती. छान लिहिली होती, सात वेळा खोडून. पहिलं वाक्य झालं, दुसरं झालं, तिसरं होतं, "गेली अकरा वर्षं तू ह्या घराला सकाळी उठवलंस." ते तिथे थांबले. समोर यूरिमचे मिटलेले डोळे. पापणी थरथरत होती. ती मनात मोजत होती हे त्यांना कळलं. ती दहापर्यंत मोजेल, आणि मग बोलेल. त्यांनी कागद मुडपून मांडीखाली सारला.

"बापा," ते म्हणाले, "अकरा वर्षं नाहीत. मी थाप मारली. आज बाविसावा दिवस आहे. मला ह्यांच्यासमोर कमीपणा वाटला म्हणून मी बोललो. बायकोला मान खाली घालायला लावली. अकरा वर्षं खरंच केली असती तर माझी पोर मला अकरा वर्षं रोज भेटली असती. ते माझं नुकसान झालं, आणि ते मी कोणाकडे मागू? पण त्यात तिचा दोष नाही. तिने पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं."

आणि इथे ब्योंगहो यांच्या लक्षात एक गोष्ट आली. आमेन म्हटलं की सगळे डोळे उघडणार. आमेन म्हणेपर्यंत मात्र कोणालाही काही बोलता येणार नव्हतं, एल्डर असोत की आणखी कोणी. तेव्हा त्यांनी आमेन म्हटलं नाही. त्यांनी पाळकांसाठी प्रार्थना केली. चर्चच्या छतासाठी केली. मेंगबाईंच्या गुडघ्यांसाठी, मॅनेजर यांगच्या नम्रपणासाठी, ११०४ मधल्या एकट्या राहणाऱ्या बाईंच्या झोपेसाठी केली. मग शहराच्या पाण्याच्या मुख्य लाइनसाठी, उत्तरेकडच्या जुन्या व्हॉल्व्हसाठी, आणि ज्यांच्या घरी दाब कमी येतो त्या सर्वांसाठी केली. सूप उतू गेल्याचा वास आला. ओकसुनने त्यांच्या मांडीला चिमटा काढला. विहीणबाई एकदा खोकल्या. ब्योंगहो नदीच्या वरच्या धरणापर्यंत पोचले होते, तेव्हा समोरून आवाज आला.

"आमेन," यूरिम म्हणाली. मोठ्याने, आणि तिचा आवाज भरून आला होता.

डोळे उघडले. ओकसुन उठून गॅस बंद करून आली आणि नवऱ्याशेजारी बसली, आधीपेक्षा जवळ. इनग्यू यूरिमकडे बघत होता, विहीणबाई आपल्या नवऱ्याकडे. प्यो एल्डर जमिनीकडे बघत होते.

"व्याही," ते शेवटी म्हणाले, "ती नोटीस खाली टपालपेट्यांजवळही लावलीय."

दोन्ही प्रती. ब्योंगहो यांना यांगचा नम्र चेहरा आठवला.

"आम्ही पाच मिनिटं आधी आलो होतो. मी दोनदा वाचली. तुम्ही सांगता की नाही, हे बघायलाच मी वर आलो." एल्डरांनी चष्मा काढून पुसला. "पण त्यात सहा एप्रिल लिहिलंय. सहापासून मोजले तर आज एकोणीस होतात. तुम्ही देवासमोर बावीस म्हणालात."

आता मात्र ब्योंगहो यांचा संयम सुटला. आयुष्यात पहिल्यांदा ते एवढं खरं बोलले होते, आणि तेच रीडिंग कोणी नाकारत होतं. ते गुडघ्यांवर उठून बसले.

"पहिले तीन दिवस आम्ही पुटपुटत गायलो," ते म्हणाले. "मला लाज वाटत होती."

एल्डरांनी यूरिमकडे पाहिलं. तिने मान हलवली. विहीणबाईंना आधी हसू फुटलं, तोंडावर हात ठेवूनही आवरेना. मग इनग्यू. एल्डर हसले नाहीत. त्यांनी बोटांवर मोजलं, तीन आणि एकोणीस, आणि म्हणाले, "बरोबर. बावीस." आणि सूपची वाटी पुढे केली. सूप करपलेलं होतं, ते त्यांनी दोनदा मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. आता कोणाला दाखवायचं नव्हतं, काही लपवायचं नव्हतं, सहाला उठायचं काही कारणच नव्हतं. ब्योंगहो पावणेसहाला हॉलमध्ये आले तर यूरिम ओल्या केसांनी बसलेली, आणि पुढ्यात ओकसुनचं बायबल, आईनेच काढून दिलेलं. ईयोब उघडलेला नव्हता. पहिलं पान उघडलं होतं.

"आता पहिल्यापासून, बाबा," ती म्हणाली. "रोज एक अध्याय."

ब्योंगहो यांनी सवयीने मोजलं. आजचा पहिला. तिचं लग्न बावीस मेला. त्या दिवशी येतो अठ्ठाविसावा. त्यांनी अंगठा चाटून पानं पुढे उलटली आणि अठ्ठाविसाव्यात काय आहे ते पाहिलं. याकोब आईबापाचं घर सोडून निघतो. ते पान त्यांनी थोडा वेळ धरून ठेवलं, मग सगळी पानं पुन्हा मागे आणून सारखी केली.

"एक फार होतो," ते म्हणाले. "रोज अर्धा वाचू."